मंद वाऱ्यातील घरगुती पवनचक्की : उत्पादन चाचणीच्या नोंदी

१८ जानेवारी २०२५

चाचणीसाठी घेतलेली पवनचक्की तीन पात्यांची, १.२ मीटर व्यासाची आणि १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी बनवलेली आहे. तिच्या पाटीवर ४०० वॉट असे छापलेले आहे. सोबतच्या पत्रकानुसार हे उत्पादन १२ मीटर प्रति सेकंद वेगाच्या वाऱ्यात मिळते आणि पाती २ मीटर प्रति सेकंदाला फिरू लागतात. १२ मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी सुमारे ४३ किलोमीटर. असा वारा कोल्हापूर परिसरात वळिवाच्या आधी थोडा वेळ सुटतो किंवा पावसाळ्यातल्या एखाद्या जोराच्या दिवशी मिळतो. एरवी, विशेषतः दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत, वारा बहुतेक वेळ ५ मीटरच्या आतच असतो. पत्रकात २ मीटर आणि १२ मीटर या दोन टोकांची माहिती आहे, मधल्या भागाविषयी एक शब्दही नाही. घर किंवा शेतावरची खोली चालवायची झाली तर नेमका हा मधला भागच महत्त्वाचा असल्यामुळे, २ ते ५ मीटर प्रति सेकंद वाऱ्यात बॅटरीत प्रत्यक्ष किती वॉट जातात, एवढाच प्रश्न या चाचणीपुढे ठेवला आहे.

आधी हिशेब. वाऱ्यातील शक्ती ही हवेची घनता, पात्यांनी व्यापलेले क्षेत्रफळ आणि वेगाचा घन यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात हवेची घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर धरतात. कोल्हापूर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि दुपारचे तापमान ३० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे येथे ती १.१ च्या जवळ येते. म्हणजे पहिले दहा टक्के उंची आणि उष्णतेनेच कमी झाले. १.२ मीटर व्यासाचे क्षेत्रफळ १.१३ चौरस मीटर. या आकड्यांवरून २ मीटर वेगाला वाऱ्यात ५ वॉट, ३ मीटरला सुमारे १७ वॉट, ४ मीटरला ४० वॉट आणि ५ मीटरला ७८ वॉट एवढीच शक्ती पात्यांसमोरून जाते. यातील जास्तीत जास्त ५९.३ टक्के भाग काढून घेता येतो, ही मर्यादा आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ मध्ये दाखवून दिली. लहान चक्कीला प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळाले तरी ते चांगले समजावे. ३ मीटरच्या वाऱ्यात पाच वॉट हातात पडले तर चक्की उत्तम आहे, ही अपेक्षा आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे आकडे पाहून आनंद किंवा निराशा दोन्ही प्रमाणात राहतील.

२३ जानेवारी

जागा पन्हाळा रस्त्यावर केर्लीच्या बाजूला मामांच्या शेतात ठरली. उत्तरेकडे जोतिबाचा डोंगर आणि वायव्येला पन्हाळा असला तरी पश्चिमेची बाजू पुष्कळशी मोकळी आहे आणि दुपारनंतरचा वारा तिकडूनच येतो. साताऱ्यातील वनकुसवडे पठारावर मोठ्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या तेथील हजार मीटरहून अधिक उंचीमुळे आणि उघड्या कड्यामुळे. नदीकाठच्या ऊसपट्ट्यात तशी अपेक्षा कोणी करू नये. तरीही शेतकऱ्याला दिवा हवा असतो तो याच पट्ट्यात, म्हणून चाचणीही येथेच व्हायला हवी.

शहरातील गच्चीचा पर्याय आधी तपासून बाजूला ठेवला होता. शेजारच्या इमारतींच्या पाण्याच्या टाक्या, जिन्यांच्या खोल्या आणि नारळाची झाडे यांच्यामुळे तेथे वारा सतत घुमतो. पात्यांचे खालचे टोक नव्वद मीटरच्या परिसरातील सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा किमान नऊ मीटर वर असावे, असा लहान चक्क्यांसाठीचा प्रचलित संकेत आहे आणि तो शहरातील गच्चीवर पाळता येणे जवळजवळ अशक्य आहे. शेतातही तो पूर्ण पाळला जात नाही, कारण पश्चिमेला तीन मीटर उंचीचा ऊस उभा आहे आणि आपला खांब नऊ मीटरचा आहे.

खांब दोन इंची जीआय पाइपचा असून बुडाशी बिजागरी आहे, त्यामुळे चेन ब्लॉकने तो आडवा करून काम करता येते. चारही बाजूंना ताणाच्या तारा आणि टर्नबकल आहेत. वाऱ्याचा वेगमापक चक्कीच्या पश्चिमेला तीन मीटरवर, म्हणजे पात्यांच्या व्यासाच्या अडीच पट अंतरावर, वेगळ्या खांबावर त्याच उंचीला बसवायचा आहे. पूर्वेकडून वारा आला की वेगमापक चक्कीच्या आड येईल आणि पात्यांनी मंदावलेला वारा मोजेल. तेवढ्या वेळच्या नोंदी हिशेबातून वगळायच्या. जानेवारीत सकाळचा वारा बहुधा पूर्वेचाच असल्याने बऱ्याच नोंदी अशा गळतील, पण त्या ठेवल्या तर चक्की आहे त्यापेक्षा चांगली दिसेल.

२६ जानेवारी

वेगमापक वाट्यांचा आहे. फिरताना तो प्रत्येक फेऱ्याला विद्युत ठोके देतो. विक्रेत्याने दिलेले सूत्र ठोक्यांना एका आकड्याने गुणायला सांगते, म्हणजे ठोके शून्य तर वारा शून्य. वाट्यांच्या दांड्याला घर्षण असते आणि अगदी मंद वाऱ्यात त्या फिरतच नाहीत, त्यामुळे असे सूत्र मंद वाऱ्यात खरे असू शकत नाही, ही शंका होती.

तिची तड लावण्यासाठी पहाटे, वारा पूर्ण पडलेला असताना, पाणंदीच्या सरळ तुकड्यावर मोटरसायकल चालवून पाहिली. वेगमापक हँडलच्या पुढे दीड मीटर लांब बांबूच्या टोकाला बांधला, म्हणजे गाडीने ढकललेली हवा त्याच्यापर्यंत पोचू नये. वेग मोबाइलवरील जीपीएसने घेतला. ताशी ११ किलोमीटर म्हणजे साधारण ३ मीटर प्रति सेकंद. या वेगाला गाडी सरळ रेषेत ठेवणे अवघड जाते, पण दुसऱ्या गिअरमध्ये आणि क्लच न दाबता ते जमते. प्रत्येक वेगाला जाताना आणि येताना अशा दोन्ही दिशांच्या नोंदी घेऊन सरासरी काढली, म्हणजे हवेत थोडीफार हालचाल असली तरी ती दोन्हीकडून वजा होते.

आलेख सरळ रेषेचाच आला, मात्र ती रेषा शून्यातून जात नाही. विक्रेत्याच्या सूत्रापेक्षा खरा वेग सर्वत्र सुमारे ०.४ मीटर प्रति सेकंद जास्त आहे. १० मीटरच्या वाऱ्यात हा फरक किरकोळ ठरला असता. ३ मीटरच्या वाऱ्याला मात्र वेगमापक २.६ दाखवतो आणि घन काढल्यावर वाऱ्यातील शक्ती खऱ्यापेक्षा ३५ टक्के कमी भरते. परिणामी चक्कीची कार्यक्षमता दीडपट फुगलेली दिसते. लहान चक्क्यांचे मंद वाऱ्यातील चमकदार आकडे ऐकायला मिळतात, त्यांपैकी काहींचे मूळ या ०.४ मध्ये असावे असे मला वाटते. वेगमापक तपासल्याशिवाय मंद वाऱ्यातील कोणत्याही आकड्याला अर्थ नाही. यापुढील सर्व नोंदी सुधारित सूत्राने केल्या आहेत.

१ फेब्रुवारी

चक्कीचा अल्टरनेटर, म्हणजे पात्यांच्या फिरण्यातून वीज तयार करणारा भाग, खांबावर चढवण्याआधी उद्यमनगरातील एका कारखान्यात लेथवर लावून तपासला. ऑइल इंजिनाचे भाग करणाऱ्या या वस्तीत वेग ठरवून फिरवता येणारे यंत्र शोधावे लागत नाही, ही कोल्हापुरात अशी कामे करण्यातली मोठी सोय आहे. टर्नरने चकमध्ये दांडा धरून डायल लावला, पाव मिलिमीटरची डुग काढली आणि मगच लेथ सुरू केला. एवढी काळजी त्याने स्वतःहून घेतली याची नोंद करायलाच हवी, कारण दांडा वाकडा फिरला असता तर पुढची घर्षणाची मोजणी बिघडली असती.

अल्टरनेटरच्या एसी विजेची बॅटरीला लागणारी डीसी वीज करणाऱ्या रेक्टिफायरच्या पुढे लहानसा भार ठेवून मिळालेला दाब असा : मिनिटाला १५० फेऱ्यांना ४.६ व्होल्ट, २५० फेऱ्यांना ८.६ व्होल्ट आणि ४०० फेऱ्यांना १४.६ व्होल्ट. म्हणजे दर शंभर फेऱ्यांमागे ४ व्होल्ट मिळतात आणि त्यातून रेक्टिफायरच्या दोन डायोडांमध्ये मिळून १.४ व्होल्ट जातात. बॅटरी १२.६ व्होल्टवर असेल तर ३५० फेऱ्यांच्या खाली तिच्यात एक मिलिअँपिअरही जाणार नाही. गुंडाळीचा अंतर्गत रोध सुमारे ०.९ ओहम निघाला.

दुसरी तपासणी अल्टरनेटरच्या अडखळण्याची. लोहचुंबक गाभ्याच्या दातांसमोर येऊन थांबू पाहतात, त्यामुळे हाताने दांडा फिरवताना गचके जाणवतात. दांड्याला ३० सेंटिमीटरची पट्टी आडवी बांधून तिच्या टोकाला स्प्रिंगचा तराजू लावला आणि हळूहळू ओढला. दांडा ३५ ग्रॅमला सुटला. हा पीळ, म्हणजे दांडा फिरवायला लागणारा जोर (टॉर्क), ०.१ न्यूटन-मीटर होतो. आकडा दिसायला क्षुल्लक आहे, पण थांबलेल्या पात्यांना मंद वाऱ्यातून मिळणारा पीळही एवढाच असतो. पाती फिरू लागल्यावर त्यांना हवेची पकड मिळते, थांबलेली असताना ती मिळत नाही. म्हणून ही चक्की २ मीटरला सुटेल असे वाटत नाही.

८ फेब्रुवारी

चक्की उभी राहिली, नोंदी सुरू झाल्या. आर्डुइनो या नोंदी घेणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर वाऱ्याचा वेग, दिशा, बॅटरीचा दाब, प्रवाह आणि पात्यांच्या फेऱ्या दर सेकंदाला लिहिल्या जात आहेत.

थांबलेली पाती ३ मीटरच्या आसपास सुटतात. एकदा सुटली की वारा २ मीटरपर्यंत उतरला तरी फिरत राहतात. पत्रकातील २ मीटरचा आकडा बहुधा याच दुसऱ्या स्थितीतला असावा. दुपारी वारा अडीच मीटरच्या आसपास होता, पाती मिनिटाला २७० ते २८० फेऱ्या घेत होती आणि बॅटरीत प्रवाह शून्य होता. मामा बांधावर उभे राहून बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, "चक्र तर गरागरा फिरतंय की रं, मग करंट कुठं मुरतोय?"

त्यांना सांगितले, "मामा, बॅटरीचा दाब साडेबारा व्होल्ट आहे आणि चक्कीचा दाब आता दहाच्याही खाली आहे. तो बॅटरीच्या वर गेला तरच करंट आत शिरतो. तोवर चक्र मोकळंच फिरतं."

त्यावर त्यांनी विचारले, "मग तो दाब वाढवता येत नाही व्हय?" चाचणीचा खरा प्रश्न यापेक्षा नेमका मांडता आला नसता. पुढची दिशा त्याच प्रश्नाने ठरवली आहे.

१५ फेब्रुवारी

मंद वाऱ्यात चक्कीचे तोंड वाऱ्याकडे नीट वळत नसल्याचे दिशेच्या नोंदींवरून लक्षात आले. वारा पश्चिमेचा असताना तोंड नैर्ऋत्येकडे, साधारण तीस अंश तिरके, अडकून राहत होते. वारा ४ मीटरच्या वर गेला की शेपटी ते बरोबर फिरवत होती. ओळंबा लावून पाहिल्यावर खांब दक्षिणेच्या अंगाला कलल्याचे दिसले. उसाला पाट सोडल्यानंतर एका बाजूची जमीन भिजली होती आणि तिकडचा खुंटा थोडा वर आला होता. कललेल्या खांबावर चक्कीचे डोके स्वतःच्या वजनाने उताराकडे जाऊन बसते आणि मंद वाऱ्यात शेपटीची ताकद तिला तेथून हलवायला पुरत नाही. तीस अंशांच्या तिरकेपणाने शक्ती जवळजवळ एक तृतीयांश कमी होते. खुंट्याभोवती काँक्रीट भरून, टर्नबकल आवळून, ओळंब्याने खांब दोन्ही बाजूंनी सरळ केला. ८ तारखेपासूनच्या नोंदी बाजूला ठेवल्या आहेत.

नोंदींची मांडणीही आज ठरवली. लहान चक्क्यांसाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेच्या ६१४००-१२-१ या मानकाच्या परिशिष्टात एका मिनिटाच्या सरासरीची पद्धत आहे. त्या सरासऱ्या वाऱ्याच्या वेगानुसार अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या गटांत टाकायच्या आणि प्रत्येक गटात किमान दहा मिनिटांच्या नोंदी जमल्याशिवाय तो गट पूर्ण मानायचा नाही. तासाची सरासरी का चालत नाही हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अर्धा तास २ मीटर आणि अर्धा तास ४ मीटर वारा असेल, तर सरासरी ३ मीटर येते आणि तिचा घन २७. खऱ्या घनांची सरासरी मात्र ८ आणि ६४ यांची, म्हणजे ३६ आहे. एक चतुर्थांश शक्ती नुसत्या सरासरीत हरवते. सेकंदाची नोंद घ्यावी म्हटले तर वाऱ्याची झुळूक वेगमापकाला लागते तेव्हा ती पात्यांना लागलेलीच नसते, आणि पात्यांच्या जडत्वामुळे उत्पादनही मागे राहते. मिनिट हा मधला मार्ग योग्य वाटतो. दहा मिनिटांची किमान अट मात्र आमच्यासाठी अपुरी आहे, प्रत्येक गटात काही तासांच्या नोंदी जमेपर्यंत थांबायचे ठरवले आहे.

२२ फेब्रुवारी

चक्कीसोबत आलेला, बॅटरी भरण्यावर नियंत्रण ठेवणारा कंट्रोलर, त्यावरचा उजळ आकड्यांचा पडदा धरून, बॅटरीतून सतत ४० मिलिअँपिअर घेतो. हा अर्धा वॉट झाला. चोवीस तासांत १२ वॉट-तास. जोराच्या वाऱ्यात ही रक्कम कोणी विचारातही घेणार नाही, परंतु मंद वाऱ्यात ती मिळकतीच्या मोठ्या भागाएवढी आहे. पडद्याची तार काढली. उरलेला खर्च एक तृतीयांशावर आला.

२ मार्च

मूळ कंट्रोलरवरील नोंदी पुरेशा जमल्या. बॅटरीत प्रत्यक्ष गेलेली शक्ती अशी :

२.५ मीटर : ०
३.० मीटर : ०.३ वॉट
३.५ मीटर : २ वॉट
४.० मीटर : ६.५ वॉट
४.५ मीटर : १३ वॉट
५.० मीटर : १९.५ वॉट

३ मीटरच्या गटातले ०.३ वॉट हे मिनिटभरातल्या झुळकांचे आहेत. साडेचार आणि पाच मीटरला चक्की वाऱ्यातील शक्तीचा चौथा हिस्सा, किंवा त्याच्या जवळपास, बॅटरीत पोचवते. एवढ्या आकाराच्या चक्कीकडून यापेक्षा फार अपेक्षा करणे योग्य नाही. साडेतीन मीटरला मात्र २७ वॉटांपैकी केवळ २ वॉट मिळतात. पाती वाईट असती तर वरच्या गटांतही ती वाईट ठरली असती. ज्या अर्थी ती तेथे चांगली चालतात, त्या अर्थी दोष पात्यांत नाही, त्यांच्यावर टाकलेल्या भारात आहे.

फेऱ्यांच्या नोंदी याला दुजोरा देतात. साडेतीन मीटरला पाती ३५४ फेऱ्या घेतात आणि पाच मीटरला ३८५. वारा दीडपटीजवळ वाढला तरी फेऱ्या जेमतेम नऊ टक्क्यांनी वाढल्या, कारण बॅटरीचा दाब अल्टरनेटरच्या दाबाला एका जागी धरून ठेवतो आणि दाब धरला की वेगही धरला जातो. पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या पाचपट असताना ही पाती सर्वांत चांगले काम करतात, असे नोंदींवरून दिसते. पाच मीटरला हे गुणोत्तर पाचाच्या किंचित खाली आहे. साडेतीन मीटरला ते ६.३ होते, म्हणजे पाती त्या वाऱ्याच्या मानाने फार वेगाने धावतात, त्यांचा हवेशी कोन बिघडतो आणि मोकळे फिरण्यातच बहुतेक शक्ती संपते. ३ मीटरच्या वाऱ्यात पात्यांनी २४० फेऱ्यांच्या आसपास फिरायला हवे, आणि त्या वेगाला अल्टरनेटर ८ व्होल्ट देतो. म्हणजे मंद वाऱ्यात ८ व्होल्टवर शक्ती उचलून ती १३ व्होल्टवर बॅटरीत टाकणारी सोय हवी. मामांच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे.

९ मार्च

पश्चिमेच्या फडाला या आठवड्यात तोड आली. टोळीने ऊस नेला, पाचट रानात पसरून ठेवले आहे, खोडवा राखायचा आहे. चाचणीच्या दृष्टीने ही मोठी संधी होती, कारण नऊ मीटरच्या मुख्य वेगमापकाखेरीज पाच मीटर उंचीवर दुसरा वेगमापक आम्ही जानेवारीतच बसवला होता.

ऊस उभा असताना पश्चिमेच्या वाऱ्यात नऊ मीटरवरचा वेग पाच मीटरवरच्या वेगाच्या १.३६ पट होता. तोडणीनंतर हे गुणोत्तर १.१३ वर आले. उंची वाढल्यावर वारा किती वाढतो, याचा एक-सप्तमांश घाताचा ठोकताळा सर्वत्र वापरला जातो, त्याने १.०९ येते. मोकळ्या रानात तो ठोकताळा जवळपास लागू पडला आणि उभ्या उसात साफ कोसळला. त्याचे कारण असे की दाट पीक उभे असताना वाऱ्याच्या दृष्टीने जमीनच वर उचलली जाते, पिकाच्या उंचीच्या सुमारे दोन तृतीयांश. तीन मीटर उसावर नऊ मीटरचा खांब हा वाऱ्यासाठी सात मीटरचा खांब आहे आणि पाच मीटरचा खांब फक्त तीन मीटरचा. १.३६ चा घन अडीच होतो. उसाच्या रानात पाचऐवजी नऊ मीटरवर चक्की चढवली तर वाऱ्यातील शक्ती अडीचपट मिळते, आणि ही वाढ पाइपाच्या अर्ध्या-पाऊण लांबीच्या खर्चात येते. अल्टरनेटर, पाती, कंट्रोलर यांपैकी कशातही एवढा फायदा देणारी दुसरी सुधारणा मला दिसत नाही.

तोडणीनंतर नऊ मीटरवरचा वारा स्वतः किती वाढला, हे मात्र या नोंदींवरून काढलेले नाही. दोन वेगवेगळ्या आठवड्यांतील वाऱ्यांची तुलना करण्याला आधार नसतो. दोन उंचींच्या गुणोत्तराला आधार असतो, कारण दोन्हीकडे तोच वारा त्याच मिनिटाला मोजला जातो.

१६ मार्च

रेक्टिफायरमधील साधे डायोड काढून कमी दाब खाणारे शॉट्की डायोड बसवले. दोन डायोडांतील एकूण घट १.४ व्होल्टवरून ०.७ वर आली. बॅटरीत प्रवाह सुरू होण्याची मर्यादा ३५० फेऱ्यांवरून ३३२ वर उतरली आणि साडेतीन मीटरच्या गटातील उत्पादन २ वरून ३ वॉटवर गेले. खर्च अत्यल्प, काम तासाभराचे. ज्यांच्याकडे अशी चक्की आधीच आहे त्यांनी सर्वप्रथम हे करावे. डायोडांना उष्णता वाहून नेणारी अॅल्युमिनियमची पट्टी हवीच, कारण पावसाळी वाऱ्यातला प्रवाह मंद वाऱ्यातल्या प्रवाहाच्या कितीतरी पट असतो.

केबल जाड घ्यावी काय, हेही पाहिले. खांबापासून खोलीपर्यंतच्या ३० मीटरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आहे; जाऊन-येऊन तिचा रोध ०.२८ ओहम. अर्ध्या अँपिअरला त्यात ०.०७ वॉट जातात. मंद वाऱ्यासाठी केबलवर आणखी पैसे घालण्याचे कारण नाही.

६ एप्रिल

दाब चढवणारा कन्व्हर्टर एका इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या मित्राच्या मदतीने तयार झाला. बाजारात मिळणारे तयार कन्व्हर्टर बाहेरचा दाब स्थिर ठेवतात आणि त्यासाठी आत हवा तेवढा प्रवाह ओढतात. चक्कीला ते जोडले तर मंद वाऱ्यात पाती गळा आवळल्यासारखी थांबतात. आम्हाला आतला प्रवाह पात्यांच्या फेऱ्यांवरून ठरवणारा कन्व्हर्टर हवा होता. फेऱ्या मोजायच्या, त्या वेगाला पाती किती शक्ती देऊ शकतात हे तक्त्यात पाहायचे आणि तेवढीच उचलायची, असे त्याचे काम चालते. शक्ती फेऱ्यांच्या घनाप्रमाणे वाढत असल्यामुळे तक्ता बनवणे कठीण नव्हते. सोलर पॅनेलच्या कन्व्हर्टरसारखे इकडेतिकडे चाचपडत सर्वोच्च बिंदू शोधणे येथे उपयोगाचे नाही, कारण पाती स्थिरावण्याच्या आत वारा बदललेला असतो.

दोन गोष्टींवर मित्राने भर दिला आणि त्या योग्य ठरल्या. पहिली, १८० फेऱ्यांच्या खाली कन्व्हर्टरने काहीच घ्यायचे नाही, म्हणजे थांबू पाहणारी पाती फिरती राहतात आणि पुन्हा सुटण्यासाठी ३ मीटरच्या झुळकेची वाट पाहावी लागत नाही. दुसरी, अल्टरनेटरचा दाब बॅटरीच्या वर गेला की कन्व्हर्टर बाजूला पडून सरळ रेक्टिफायरमधून प्रवाह जावा. त्यामुळे जोराच्या वाऱ्याचा भार या लहान मांडणीवर येत नाही आणि चक्कीचा मूळ ब्रेक जसाच्या तसा राहतो.

२० एप्रिल

उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा रोज सुटत असल्यामुळे नोंदी लवकर जमल्या. कन्व्हर्टरसह उत्पादन, त्याचा स्वतःचा खर्च वजा करून :

२.५ मीटर : १ वॉट
३.० मीटर : ३ वॉट
३.५ मीटर : ५.५ वॉट
४.० मीटर : ८.८ वॉट
४.५ मीटर : १३.२ वॉट

साडेचार मीटरला कन्व्हर्टर असून नसल्यासारखाच आहे, आणि पाच मीटरच्या गटात तो बाजूला पडलेला असतो. त्याचा सगळा लाभ अडीच ते चार मीटरच्या पट्ट्यात आहे. साडेतीन मीटरला मूळ मांडणीच्या पावणेतीनपट शक्ती मिळते, ३ मीटरला तर जेथे जवळजवळ काहीच नव्हते तेथे तीन वॉट मिळतात.

फेऱ्यांचा आलेखही अपेक्षेप्रमाणे बदलला आहे. ३ मीटरला २४०, साडेतीनला २८०, चारला ३२०. वारा आणि पाती आता एकमेकांच्या बरोबरीने चालतात. कानालाही फरक कळतो. पूर्वी मंद वाऱ्यात पात्यांचा बारीक, उंच सूर येत असे. आता तो खाली उतरला आहे. आणखी एक निरीक्षण असे की गचके देणाऱ्या अल्टरनेटरची थरथर २०० ते २२० फेऱ्यांच्या दरम्यान खांबात उतरते. या वेगाला पाती आता जास्त वेळ राहणार असल्याने खांबाच्या जोडाचे नट-बोल्ट तपासून त्यांना लॉक-नट बसवले.

४ मे

काल संध्याकाळी पहिला वळीव झाला. पावसाआधीच्या धुळीत वेगमापकाने क्षणभर १७ मीटर दाखवले. ब्रेक आधीच लावलेला होता. अल्टरनेटरच्या तिन्ही तारा एकत्र जोडणारा स्विच खांबाच्या बुडाशी ठेवला आहे आणि आभाळ भरून आले की तो टाकण्याचे काम मामांनी स्वतःकडे घेतले आहे. ब्रेक पाती फिरत नसताना किंवा मंद फिरत असतानाच लावावा, जोरात फिरत असताना लावू नये, हे त्यांना दाखवून ठेवले आहे.

दिवसाच्या मिळकतीचा हिशेब. एप्रिलमधील साधारण दिवशी ३ मीटरच्या आसपासचा वारा चार तास, साडेतीनचा चार तास आणि चारचा दोन तास धरला, तर मूळ मांडणी सुमारे २२ वॉट-तास देते आणि कन्व्हर्टरसह ५१ ते ५२ वॉट-तास मिळतात. मूळ कंट्रोलरचा पडद्यासहचा १२ वॉट-तासांचा खर्च वजा केला तर पहिल्या आकड्यातले निम्मेच उरतात. पडदा काढून खर्च ४ वर आणल्यावर दुसऱ्यातले ४७ ते ४८ उरतात. ९ वॉटचा एलईडी दिवा पाच तास लागायला ४५ वॉट-तास लागतात. मामांच्या खोलीतील दिव्याचे काम आता भागते.

त्याच वेळी हेही नोंदवणे आवश्यक आहे की १०० वॉटचे एक सोलर पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी याच शेतात ४०० वॉट-तासांच्या आसपास देते. केवळ उन्हाळ्यासाठी कोणी विचारले तर मी पॅनेल घ्यायलाच सांगेन. चक्कीचे स्थान जून ते सप्टेंबरमध्ये आहे, जेव्हा दिवसेंदिवस ऊन दिसत नाही आणि नैर्ऋत्येचा वारा रात्रीही पडत नाही; आणि त्या महिन्यांतसुद्धा झडीच्या मधल्या दिवसांत वारा याच ३ ते ४ मीटरच्या पट्ट्यात उतरतो, म्हणून मंद वाऱ्यासाठी केलेली ही कामे तेव्हाही लागतील.

पावसाआधी दोन कामे उरली आहेत. खोडवा ऑगस्टपर्यंत पुरुषभर उंच होईल, हे धरून खांब बारा मीटरचा करायचा आणि ताणाच्या तारांचा आणखी एक थर वाढवायचा. खुंट्यांचे काँक्रीट उत्तरेच्या बाजूप्रमाणे उरलेल्या तिन्ही बाजूंनाही भरायचे आहे; वाळू आणि खडी बांधावर येऊन पडली आहे, काम येत्या रविवारी सुरू होईल.